‘वारस’ शब्द आणि मुलीचा वाटा : बारामती–इंदापूर परिसरातील मुस्लिम वारसा-कायद्याची वाटचाल

१. विषयप्रवेश

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके नीरा व भीमा या नद्यांच्या आश्रयाने वसलेले आहेत. या तालुक्यांतील एखाद्या गावी खातेदार मरण पावला, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात जी नोंद होते ती भाषेच्या दृष्टीने वाचण्यासारखी असते. ‘मयत’ खातेदाराचे ‘वारस’ कोण, प्रत्येकाचा ‘हिस्सा’ किती, कोणी आपला ‘हक्क’ सोडला आहे काय, कोणाची ‘हरकत’ आहे काय, एवढ्या चार-पाच शब्दांवर ती सारी नोंद उभी असते. खातेदार मराठा असो, माळी असो, धनगर असो वा बागवान असो, शब्द तेच राहतात. आणि हे सर्व शब्द मूळचे अरबी आहेत.

हा योगायोग नव्हे. मृताच्या मालमत्तेची वाटणी हा इस्लामी धर्मशास्त्राचा, म्हणजे ‘फिक्ह’चा, अतिशय काटेकोर असा विभाग आहे. ‘मय्यित’ म्हणजे मृत, ‘वारिस’ म्हणजे वारसा घेणारा, ‘मीरास’ म्हणजे वारसाहक्काने आलेली मालमत्ता, हे त्या शास्त्रातील नित्याचे शब्द होत. ते मराठीत आले, मुरले आणि पुढे कोणालाही परके वाटेनासे झाले. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. शब्दांबरोबर त्या शास्त्राचा नियमही या मुलखात आला काय? आला असल्यास तो कोणासाठी आला, आणि कोठे अडला?

प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, कायदेपंडित नव्हे. तथापि कायद्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी शब्दांच्या अर्थांचा इतिहास असतो, आणि तेवढ्यापुरता भाषेच्या अभ्यासकाला या विषयात प्रवेश आहे. शब्द सर्वांचे झाले. नियम गावच्या रूढीपाशी थबकला. आणि पुढे विधिमंडळाने तो नियम पुन्हा प्रस्थापित केला तेव्हा शेतजमीन तेवढी बाहेर राहिली. या तिन्ही टप्प्यांवर जी निसटली ती मुलगी होय. हेच येथे क्रमाने दाखवावयाचे आहे.

२. मूळ नियमाची घडण

इस्लामपूर्व अरबस्थानातील टोळ्यांत मृताची मालमत्ता सामान्यतः त्याच्या पितृकुळातील पुरुषांकडे जात असे. जो शस्त्र धरून टोळीचे रक्षण करील त्याने वारसा घ्यावा, ही त्यामागील कल्पना होती. कुराणाच्या ‘निसा’ नामक चौथ्या सूरेने या व्यवस्थेत मोठा फरक केला. मुलगी, विधवा, आई, बहीण यांना तिने निश्चित वाटे नेमून दिले. पितृकुळातील पुरुषांना मात्र तिने वारसांतून काढून टाकले नाही. त्यामुळे पुढील शास्त्रकारांनी जी रचना उभारली तिला दोन थर आहेत. प्रथम ज्यांचे वाटे नेमलेले आहेत त्यांना ते द्यावयाचे. आणि जे उरेल ते पितृकुळातील जवळच्या नातलगांनी घ्यावयाचे. पहिल्या थरातील नेमलेल्या वाट्यांना ‘फराइज’ म्हणतात, व दुसऱ्या थरातील नातलगांना ‘असबा’ म्हणतात. मुलगा असेल तेव्हा मुलगीही त्याच्याबरोबर शेष भागात येते आणि मुलाच्या निम्मे घेते.

ही रचना एका दिवसात झाली नाही. आठव्या व नवव्या शतकांत अबू हनीफा (मृत्यू ७६७), मालिक (मृत्यू ७९५), शाफई (मृत्यू ८२०) व अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) या आचार्यांच्या नावांनी सुन्नी पंथाच्या चार शाखा आकारास आल्या. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई शाखेचे आहेत, कारण त्यांचा संबंध समुद्रमार्गे आलेल्या अरबांशी होता. उलट देशावरील मुसलमान, आणि त्यांत बारामती–इंदापूरकडील बागवान, आतार, तांबोळी, मुलाणी, शेख इत्यादी कुटुंबे येतात, प्रायः हनफी आहेत.

नियमाचे स्वरूप उदाहरणावाचून ध्यानात यावयाचे नाही, म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक शेतकरी पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून वारला. त्याच्या आईवडिलांपैकी कोणी हयात नाही. हनफी नियमानुसार विधवेला अष्टमांश, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांचे पाच भाग करावयाचे; प्रत्येक मुलाला दोन भाग व मुलीला एक. म्हणजे प्रत्येक मुलास १४ गुंठे आणि मुलीस ७ गुंठे. आता असे समजा की, त्याला मुलगा नाही. पत्नी, एकुलती एक मुलगी आणि एक सख्खा भाऊ आहे. तेव्हा विधवेस ५ गुंठे, मुलीस निम्मे म्हणजे २० गुंठे, आणि उरलेले १५ गुंठे भावास. दुसऱ्या उदाहरणात दोन्ही थर स्पष्ट दिसतात. भाऊ हा जुन्या अरबी रूढीचा वारस. मुलगी ही कुराणाने आणलेली वारस.

वाटणीपूर्वी आणखी तीन गोष्टी कराव्या लागतात. अंत्यविधीचा खर्च भागवावयाचा. मृताचे कर्ज फेडावयाचे. आणि मृत्युपत्र असल्यास ते पाळावयाचे. पत्नीचा मेहेर दिलेला नसेल तर तोही कर्जातच मोडतो. मृत्युपत्राने मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही, आणि जो मुळातच वारस आहे त्याला मृत्युपत्राने जादा देणे सुन्नी नियमानुसार इतर वारसांच्या संमतीवाचून चालत नाही. अर्थात बापाने मृत्युपत्र करून मुलीचा वाटा मुलांच्या नावे करावा, ही वाट या कायद्याने बंद केलेली आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का, या प्रश्नाला जुने शास्त्रकार असे उत्तर देतात की, कुटुंबाच्या पोषणाचा व मेहेराचा भार पुरुषावर आहे. आधुनिक काळात हे उत्तर सर्वांस पटत नाही, आणि त्यावर मुस्लिम विचारवंतांतही वाद आहे. परंतु प्रस्तुत विषयात त्याहून अलीकडचा प्रश्न आहे: तो निम्मा वाटा तरी पोहोचला काय?

३. दख्खनेतील काजी आणि गावची मजालस

१३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली. पुढे त्याची शकले झाल्यावर हा मुलूख प्रथम अहमदनगरच्या निजामशाहीत व १६३६ नंतर विजापूरच्या आदिलशाहीत होता. शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्यांत पुणे, सुपे व चाकण यांच्याबरोबर इंदापूरचे नाव येते. यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. या राजवटींत परगण्याच्या ठिकाणी काजी असे. शास्त्रानुसार काजी हा राज्यकर्त्याने नेमलेला न्यायाधीश होय. ते पद बापाकडून मुलाकडे जाणारे नव्हे. परंतु दख्खनेत पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही जशी वतने होती, तशीच काजीपणाही प्रत्यक्षात वतन होऊन बसला. गावपातळीवर मुलाणा हा बलुतेदारांत गणला जाई. मशिदीची सेवा हे त्याचे एक काम, आणि गावच्या जत्रेत बकरी हलाल करणे हे दुसरे. म्हणजे त्याची गरज सर्व गावाला असे.

न्यायदानाचे काम मात्र एकटा काजी करीत नसे. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा उभा राहिला म्हणजे मजालस भरे. तीत सरकारी अंमलदार व काजी यांच्याबरोबर देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, गावोगावचे मोकदम व बलुतेदार बसत, आणि झालेल्या निर्णयाचा जो कागद होई त्याला ‘महजर’ म्हणत. ‘मजालस’ हे ‘मजलिस’चे मराठी रूप होय, ‘महजर’ म्हणजे ‘हजर’ असलेल्यांच्या समक्ष झालेला लेख. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेला व डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ या मजालसींचे स्वरूप समजण्यास आजही उपयुक्त आहे.

या मजालसींचा विशेष असा की, सभेत काजी बसलेला असला तरी निर्णय बहुधा साक्षीपुराव्यावर, गावच्या परंपरेवर आणि प्रसंगी दिव्यावर होई. दिव्य हे फिक्हला मान्य नाही. म्हणजे शब्द, पद व कागदाची पद्धत इस्लामी न्यायव्यवस्थेची, आणि आतील नियम देशाचा, असा हा संयोग होता. शिवकालात व पेशवाईत राज्यकर्ते बदलले तरी ही चौकट फारशी बदलली नाही. मशिदी व पीर यांच्या पूर्वापार चालत आलेल्या दिवाबत्तीच्या नेमणुका शिवछत्रपतींनी पुढे चालविल्या, असे सभासदाने नमूद केलेले आहे. उलट रघुनाथ पंडिताच्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा बुद्धिपुरस्सर प्रयत्न झाला. दरबारात त्यांतील काही पर्याय चालले. परंतु गावच्या वहिवाटीतून ‘वारस’ व ‘मिरास’ हलले नाहीत. माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, तेव्हाही मराठीतील न्यायविषयक शब्दसंग्रहाचा केवढा तरी भाग या मुळाचा आहे, हे स्पष्ट दिसून आले.

४. आलेले शब्द व न आलेले शब्द

कोणते शब्द आले याची नोंद पुष्कळांनी केली आहे. कोणते आले नाहीत याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही, आणि आमच्या मते प्रस्तुत विषयात तेच अधिक बोलके आहे.

मराठीत ‘मयत’ आला, ‘वारस’ आला, ‘मिरास’ आला. वाटणी या अर्थी ‘तक्षीम’ आला, वाट्यासाठी ‘हिस्सा’ आला, ‘मालमत्ता’ व ‘मिळकत’ आली. परंतु ‘फराइज’, म्हणजे ज्या तत्त्वावर ही सारी वाटणी उभी आहे तो नेमलेला वाटा, लोकभाषेत रुजला नाही. वाटणीची भाषा आली. वाटणीचे गणित आले नाही.

माणसाची ओळख सांगण्याच्या पद्धतीतही हेच दिसते. जुन्या मराठी कागदांत बापाचे नाव सांगताना ‘बिन’ किंवा ‘वलद’ लिहीत: अमुक बिन अमुक, अमुक वलद अमुक. दोन्ही शब्द अरबी असून दोहोंचा अर्थ मुलगा असाच आहे. विवाहित स्त्रीचे नाव ‘कोम’ या शब्दाने नवऱ्याच्या नावाशी जोडीत. अरबीत मुलीसाठी ‘बिंत’ हा ‘बिन’चाच जोडीदार शब्द आहे, पण तो मराठी कागदांत रूढ झाला नाही. स्त्री कागदावर आली ती कोणाची तरी बायको म्हणून. बापाची मुलगी म्हणून तिला स्वतंत्र शब्द मिळाला नाही.

‘मिरास’ शब्दाची कथा याच जातीची आहे. अरबीत ‘मीरास’ म्हणजे वारसाहक्काने येणारी कोणतीही मालमत्ता, आणि तीत मुलीचा भाग धरलेलाच असतो. महाराष्ट्रात ‘मिरास’ म्हणजे पिढीजात जमीन, आणि ‘मिरासदार’ म्हणजे उपऱ्याहून वेगळा असा गावचा मूळ जमीनधारक. ही मिरास सामान्यतः मुलांकडे व त्यांच्या अभावी भाऊबंदांकडे जाई. ज्या शब्दाच्या मूळ अर्थात मुलगी अंतर्भूत होती, तोच शब्द जिच्यातून मुलगी वगळलेली आहे अशा धारणेचे नाव झाला.

आणि शेवटी ‘वारस’. शास्त्रात मुलगी ही पहिल्या प्रतीच्या वारसांपैकी आहे. कोणताही दूरचा नातलग तिला वारशातून पूर्णपणे बाजूस सारू शकत नाही. परंतु आपल्या बोलीत ‘त्याला वारस नाही’ असे म्हटले म्हणजे काय समजले जाते? त्याला मुलगा नाही, एवढेच. घरात दोन मुली नांदत असल्या तरी हे वाक्य उच्चारले जाते आणि ऐकणाऱ्यास त्यात विसंगती वाटत नाही. वर दिलेल्या दुसऱ्या उदाहरणातील शेतकरी, ज्याच्या एकुलत्या एका मुलीस ४० पैकी २० गुंठे मिळावयाचे, तो या बोलीत ‘बेवारस’ ठरतो. हा अर्थसंकोच हिंदू व मुसलमान दोघांच्याही बोलण्यात सारखाच आढळतो, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

शब्दांच्या अभावावरून व्यवहाराचा अभाव सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. वतनाच्या कागदांत स्त्रिया हक्क सांगताना कधी कधी दिसतात. तरीही रूढ शब्दसंपत्ती सर्वसाधारण प्रवृत्ती दाखविते, आणि ती प्रवृत्ती येथे संशयास जागा ठेवीत नाही.

५. इंग्रजी अमदानी : रूढी आधी, शास्त्र नंतर

इंग्रजी राज्यातील मुस्लिम कायद्याचा इतिहास सांगताना सामान्यतः १७७२ पासून आरंभ करतात. त्या वर्षी वॉरन हेस्टिंग्ज याने बंगालमध्ये असे ठरविले की, वारसा, विवाह इत्यादी बाबतींत मुसलमानांस कुराणाचा व हिंदूंस शास्त्रांचा कायदा लावावा. पुढे चार्ल्स हॅमिल्टन याचे ‘हिदाया’चे भाषांतर १७९१ मध्ये व विल्यम जोन्स याचे ‘सिराजिया’ या वारसाविषयक ग्रंथाचे भाषांतर १७९२ मध्ये झाले, आणि न्यायाधीश या ग्रंथांवर विसंबू लागले. पूर्वी काजीच्या विवेकावर व स्थानिक परिस्थितीवर जे अवलंबून असे, ते आता छापील पुस्तकातील कलम झाले.

परंतु पुणे जिल्ह्याची कथा बंगालहून वेगळी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत जी संहिता तयार झाली, तीतील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाचे २६ वे कलम येथे महत्त्वाचे आहे. दाव्याचा निर्णय करताना प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने पाहावी. ती नसतील तर ज्या मुलखात दावा उद्भवला तेथील रूढी पाहावी. रूढी नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक, असा अनुक्रम त्याने घालून दिला. बंगालमध्ये शास्त्र पुढे होते. मुंबई इलाख्यात रूढी पुढे आणि शास्त्र तिच्या मागे. मजालसीत जे प्रत्यक्षात घडत होते, त्यालाच या कलमाने कायद्याचे रूप दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

या तत्त्वाचा मुलींवर काय परिणाम होतो हे १८४७ मध्ये मुंबईत दिसून आले. खोजा समाजातील मुलींनी कुराणातील नियमानुसार वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी, या समाजात मुलींना वारसा न देण्याची रूढी सिद्ध झाली आहे, या कारणास्तव त्यांचा दावा अमान्य केला. कच्छी मेमनांच्या बाबतीतही तोच निर्णय झाला. हा निकाल मुंबई शहरातील कोर्टाचा असल्याने त्यास १८२७ चे रेग्युलेशन लागू नव्हते. तथापि रूढी सिद्ध झाल्यास धर्मग्रंथातील नियम मागे पडतो, हे तत्त्व तेच होते.

याच काळात इंदापूर तालुक्यात दुसऱ्या एका बदलाचा प्रारंभ झाला. प्रिंगल याची जमाबंदी फसून शेतकरी हवालदिल झाल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये जी नवी मोजणी सुरू केली, ती प्रथम इंदापूर तालुक्यात. पुढे सबंध मुंबई इलाख्याला लागू झालेल्या पद्धतीचा पाया येथे घातला गेला. शेताला नंबर पडला, आकार ठरला, आणि सारा भरणाऱ्याचे नाव त्या नंबरासमोर लागले. मिरासदार व उपरी हा जुना भेद हळूहळू निरर्थक झाला. सरकारला सारा कोण देतो हे हवे होते. घरातील कोणाचा किती वाटा आहे, हा त्या कागदाचा विषय नव्हता. वास्तविक मुस्लिम कायद्यात हिंदूंप्रमाणे एकत्र कुटुंबाची कल्पना नाही. मनुष्य मरताक्षणी त्याच्या प्रत्येक वारसाचा निश्चित हिस्सा त्या वारसाकडे जातो. नोंद झाली न झाली, याने तो हक्क निर्माण होत नाही व नष्टही होत नाही. परंतु खेड्यात कागदावरचे नाव हीच मालकी समजली जाते, आणि ते नाव मुलाचे असे.

काजीचे पदही या काळात आटले. १८६४ च्या अकराव्या कायद्याने न्यायालयांतील मौलवी व सरकारनियुक्त काजी यांची व्यवस्था संपुष्टात आली. लोकांची अडचण पाहून १८८० मध्ये काजींचा कायदा झाला. पण त्याने काजीला न्यायदानाचा अधिकार दिला नाही, विवाहादी विधींपुरतेच त्याचे स्थान राहिले. आज या भागात ‘काझी’ हे आडनाव म्हणूनच अधिक परिचित आहे.

६. १९३७ आणि शेतजमिनीचा अपवाद

विसाव्या शतकात रूढीविरुद्ध प्रतिक्रिया सुरू झाली. रूढीच्या नावाखाली मुस्लिम स्त्रियांचा शास्त्रोक्त वाटा बुडतो, ही तक्रार उलेमांनी केली तशीच स्त्रियांच्या संघटनांनीही केली. तिचे फळ म्हणजे १९३७ चा शरीयत अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमाने असे ठरविले की, वारसा, विवाह, तलाक, मेहेर, पोटगी, पालकत्व, बक्षीस, वक्फ इत्यादी बाबतींत विरुद्ध रूढी असली तरी मुसलमानांना मुस्लिम वैयक्तिक कायदाच लागू होईल. सहाव्या कलमाने जे जुने नियम रद्द केले, त्यांत वर सांगितलेले १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनाचे २६ वे कलम पहिले आहे. एकशे दहा वर्षे पुढे असलेली रूढी मागे सारली गेली.

परंतु दोन अटी होत्या. दुसऱ्या कलमातच ‘शेतजमिनीसंबंधीचे प्रश्न खेरीज करून’ असा अपवाद आहे. आणि जुनी कलमे रद्द झाली ती या अधिनियमाशी विसंगत असतील तेवढ्यापुरतीच. अपवादाचे तांत्रिक कारण असे की, १९३५ च्या भारत सरकार कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा वारसा हा विषय प्रांतांकडे होता व मध्यवर्ती विधिमंडळाला त्यावर कायदा करता येत नव्हता. कारण काहीही असो, परिणाम सूक्ष्म नाही. मद्रासने १९४९ मध्ये व केरळने १९६३ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीनही या अधिनियमाखाली आणली. मुंबई इलाख्यात त्या काळी तसे झाले नाही.

बारामती–इंदापूरच्या दृष्टीने या अपवादाचा अर्थ काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा आला आणि या कोरडवाहू मुलखाचा काही भाग बागाईत झाला. ऊस आला, विसाव्या शतकात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. अशा भागात कुटुंबाची खरी दौलत म्हणजे पाण्याखालची जमीन. आता एखादा मुस्लिम बागाईतदार वारला, तर त्याचे गावातील घर, बँकेतील ठेव, दुकानातील माल व कारखान्याचे भाग यांना १९३७ चा अधिनियम सरळ लागू होतो. मुलीचा वाटा तेथे रूढीने बुडविता येत नाही. उसाचे शेत मात्र या कवचाबाहेर राहते. त्या बाबतीत रूढीचा बचाव मांडण्यास वाव उरतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शेतजमीन अधिनियमाबाहेर आहे, म्हणजे मुस्लिम मुलीला शेतजमिनीत वाटाच नाही, असे मुळीच नव्हे. १८२७ च्या अनुक्रमानेही रूढी आहे असे जो म्हणेल त्याने ती पुराव्याने सिद्ध करावयाची असते. ती जुनी, निश्चित व अखंड असली पाहिजे. ती सिद्ध न झाल्यास वैयक्तिक कायदाच लागू होतो, आणि त्यात मुलीचा वाटा आहेच. ‘आमच्यात मुलींना देत नाहीत’ एवढे सांगणे म्हणजे रूढी सिद्ध करणे नव्हे.

१९३७ नंतर मुस्लिम कायद्याविषयीची चर्चा मुख्यतः विवाह व तलाक यांभोवती फिरली. १९३९ च्या कायद्याने स्त्रीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळविण्याची कारणे वाढवून दिली. त्यासाठी हनफी शाखेबाहेर जाऊन मालिकी मतांचा आधार घेण्यात आला, ही शास्त्राच्या लवचिकपणाची मोठी साक्ष आहे. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधान भवनावर नेला, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. १९८५ चा शाहबानो खटला, १९८६ चा अधिनियम, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा लावलेला अर्थ, २०१७ चा तिहेरी तलाकविषयीचा निर्णय व २०१९ चा कायदा हे टप्पे वाचकांस परिचित आहेत. या साऱ्या चर्चेत वारशाचा प्रश्न मागे पडला. तलाकची झळ एकाएकी व उघडपणे लागते. बुडालेल्या वाट्याला मात्र आवाज नसतो.

७. ‘हक्कसोड’

आज या भागात मुलीचा वाटा बुडतो तो बहुधा न्यायालयात नव्हे, तर एका कागदाने. त्याचे नाव ‘हक्कसोडपत्र’. वडील वारल्यावर बहिणी भावांच्या नावे आपला हक्क सोडून देतात. ही चाल मुसलमानांचीच नाही. १९५६ च्या कायद्याने, महाराष्ट्रातील १९९४ च्या दुरुस्तीने व २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू मुलींना जे हक्क दिले, तेही असंख्य घरांत याच कागदाने परत जातात. बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटते, ही भीती धर्म पाहून कमीअधिक होत नाही.

मुस्लिम कायद्याची या बाबतीतील भूमिका जाणून घेण्यासारखी आहे. वडील हयात असताना मुलीने ‘मला वाटा नको’ असे लिहून दिले, तरी सामान्यतः त्याला किंमत नाही. कारण तोपर्यंत तिला हक्कच उत्पन्न झालेला नसतो, आणि जे नाही ते सोडता येत नाही. याला एक मर्यादा आहे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वारसाने वडिलांच्या हयातीत मोबदला घेऊन हक्क सोडल्याचे मान्य केले असेल, व त्यावर इतरांनी विश्वास ठेवून व्यवहार केला असेल, तर नंतर त्याला माघार घेता येणार नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर मात्र हिस्सा तत्काळ मुलीचा होतो, आणि पुढे तो सोडणे अथवा न सोडणे हे सर्वस्वी तिच्या स्वेच्छेवर अवलंबून आहे. अट एवढीच की, तिला तो आहे हे ठाऊक असले पाहिजे.

‘हक्कसोड’ या शब्दाची घडण पाहिली तर या लेखाचा सारांशच तीत सापडतो. ‘हक्क’ अरबी आहे. ‘सोड’ मराठी आहे. हक्क देणारे शास्त्र बाहेरून आले, त्याचे शब्द आम्ही सर्वांनी स्वीकारले. तो सोडावयास लावणारी रूढी मात्र येथलीच होती व आहे. म्हणून मुस्लिम वारसा-कायद्याचा या मुलखातील इतिहास हा केवळ एका समाजाचा इतिहास नव्हे. काजी गेला, मजालस गेली, मिरास गेली. ‘वारस’ शब्द तेवढा तलाठ्याच्या वारस-नोंदवहीत व आपणा सर्वांच्या बोलण्यात राहिला. त्या शब्दाच्या मूळ अर्थात मुलगी आहे. तो अर्थ ध्यानात ठेवून नोंदी झाल्या, आणि सही करण्यापूर्वी बहिणीला तिचे गुंठे किती हे कोणी तरी मोजून सांगितले, तर या विषयाच्या अभ्यासाचा व्यवहारात काही उपयोग झाला असे म्हणता येईल.